ठोक्याला ठोका

ही गोष्ट रात्रीची नाही.

हे आधीच सांगून टाकतो. कारण असल्या गोष्टी वाचणाऱ्यांना मध्यरात्र, ओसाड बंगला आणि करकरणारं दार लागतं. ते इथे नाही. ही भर दुपारची गोष्ट आहे. जेवणाची सुट्टी संपल्यावरची. दिवे चालू, माणसं आजूबाजूला, सगळ्यांची पोटं भरलेली.

आणि ही खरी आहे.

ज्याच्यावर गुजरली तो माझा चुलतभाऊ. आम्ही त्याला दादा म्हणतो. त्याला थाप मारता येत नाही, मारायला गेला तर कान लाल होतात. त्यानं जसं सांगितलं तसं सांगतोय, आणि शेवटचं जे आहे ते तर मी माझ्या कानांनी ऐकलंय. कारखान्याचं नाव मात्र विचारू नका. मालक जिवंत आहे आणि त्याचे वकीलही.

दादाचं काम म्हणजे धोके शोधायचे. सेफ्टी ऑफिसर. कुठल्या पट्ट्यावर जाळी नाही, कुठल्या दोन रुळांमध्ये बोटं जातील, कुठे तेल सांडलंय, कुठली वायर उघडी पडलीय. हातात पिवळ्या रंगाचा डबा आणि ब्रश. जिथे धोका, तिथे पिवळा पट्टा. घरीदारी तेच. कुणाकडे गेला की पाणी पिण्याआधी गॅसची नळी वाकून बघायचा. वहिनी म्हणायची, हे मला पहिल्यांदा भेटले तेव्हा माझ्याकडे कमी आणि आमच्या जिन्याच्या कठड्याकडे जास्त बघत होते.

तर हा कारखाना फरशा चिकटवायची पावडर बनवायचा. दादाला तिथे घेतलं, कारण तिथे एक माणूस मेला होता. आधी माणूस मरू द्यायचा आणि मग सेफ्टी ऑफिसर नेमायचा. वरातीमागून घोडं, दुसरं काय.

तो माणूस मेला मिक्सरमध्ये.

घरातला मिक्सर डोळ्यांसमोर आणू नका. हा खोलीएवढा लांब, आडवा, लोखंडी डबा. आत जाडजूड दांडा, दांड्याला वळणदार पाती. बाहेरून वर चढायला शिडी आणि शिडीच्या टोकाला माणूस आत उतरेल एवढं झाकण. पावडर पात्यांना चिकटून दगडासारखी व्हायची, म्हणून रोज कुणीतरी आत उतरून ती खरवडायची. मिक्सरचं तोंड पलीकडच्या खोलीत होतं. भिंतीतून नळी जायची, तिकडे बायका पावडर पिशव्यांत भरायच्या.

आणि चालू करायचं बटण कुठे? तर खाली, एका जाड खांबाच्या आड. बटणापाशी उभं राहिलं की वरचं झाकण दिसायचंच नाही.

मग आत कुणी आहे की नाही हे कळायचं कसं?

त्यावर तिथल्या लोकांनी आपली एक तोड काढली होती. ऑपरेटरनं हातातल्या पान्यानं मिक्सरच्या पोटावर दोनदा ठोकायचं. आत कुणी असेल तर त्यानं खरवडणीनं आतून दोनदा ठोकायचं. उत्तर आलं तर थांबायचं. नाही आलं तर बटण दाबायचं. धूळ ओढणारा पंखा एवढा घोंघावायचा की माणसानं घसा फोडला तरी ऐकू येत नसे. पण लोखंडावर लोखंड वाजलं की ते ऐकू यायचं.

झाकण उघडं असेल तर मिक्सर सुरूच होऊ नये, म्हणून झाकणाला एक छोटं बटण होतं. ते धुळीनं सारखं अडायचं. काम थांबायचं, मॅनेजर ओरडायचा. मग कुणीतरी ते तारेनं कायमचं बांधून टाकलं. अशा बांधलेल्या तारा मी पुष्कळ कारखान्यांत बघितल्यात. प्रत्येक तारेमागे एक शहाणा माणूस असतो आणि तो कधीच आत उतरत नाही.

खरवडायला जाणारा म्हातारा होता. त्याला सगळे आबा म्हणत. ऑपरेटरला मामा म्हणत. त्या दिवशी मामानं पाना ठोकला आणि त्याच दमात बटण दाबलं. उत्तराला थांबलाच नाही. आबानं उत्तर दिलं होतं. दोन्ही ठोके सगळ्यांनी ऐकले. पण तोवर पाती फिरली होती.

चौकशीत काय लिहिलं? आतून उत्तर मिळालं नाही.

मेलेल्या माणसाला खोटं पाडणं सोपं असतं. तो साक्षीला येत नाही.

निदान तेव्हा त्यांना तसं वाटलं.

दादा रुजू झाला त्याच दिवशी दुपारी मिक्सरपाशी गेला. मिक्सर रिकामा होता, झाकण उघडं. तो मामाला म्हणाला, तुम्ही ठोकता कसं ते मला दाखवा. मामा पाना हातात धरून नुसता उभा राहिला. नको साहेब, म्हणाला. आजूबाजूचे दोघेतिघे उगाच झाडू शोधायला निघून गेले. दादाला वाटलं, हा बिचारा अजून त्या धक्क्यातून सावरलेला नाही. त्यानं पाना आपल्या हातात घेतला आणि ठोकला.

ठक्. ठक्.

पंखा घोंघावत होता. दादा वळणार, तेवढ्यात…

आतून…

ठक्. ठक्.

दादा आधी चिडला. रिकामा आहे म्हणता आणि आत माणूस ठेवता? तो तरातरा शिडी चढला, झाकणातून टॉर्च मारला. आत कुणी नव्हतं. पाती स्वच्छ होती, तळ कोरडा. खाली उतरून त्यानं मिक्सरला सगळीकडून फेरी मारली. नळ्या बघितल्या, बोल्ट हलवून बघितले. लोखंड तापतं, निवतं, वाजतं, हे त्याला ठाऊक होतं. पुन्हा ठोकून बघू म्हणून त्यानं डावा हात पत्र्यावर सपाट ठेवला आणि उजव्या हातानं ठोकलं.

उत्तर आलं.

नेमकं त्याच्या डाव्या तळव्याखाली.

दादानं हात झटकन मागे घेतला. मामा तिथेच खाली बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. आबा गेल्यापासून हे असंच आहे. रिकाम्या मिक्सरला ठोका, उत्तर येतं. मग वर चढून बघावं लागतं. कुणी नसतं. मग चालू करायचं. दिवसातून जितक्या वेळा चालू, तितक्या वेळा शिडी.

आता दादाचा स्वभाव बघा. दुसरा कुणी पळाला असता. हा घरी गेला आणि वहिनीला म्हणाला, विचित्र आहे खरं, पण एका अर्थी बरंच आहे. हजार पाट्या लावून जे होत नाही ते तिथे आपोआप होतंय. प्रत्येक वेळी कुणीतरी वर चढून आत डोकावतंय. वहिनी म्हणाली, म्हणजे भूत तुमच्याच खात्यातलं आहे म्हणायचं. दोघं हसली होती तेव्हा.

पण दादा भुतावर विसंबणारा नव्हता. त्यानं झाकणाच्या बटणाची तार तोडायला लावली, नवं बटण मागवलं. आणि कुलपं मागवली. ज्याला आत जायचंय त्यानं मेन स्विचला स्वतःचं कुलूप लावायचं, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. तो बाहेर येऊन कुलूप काढेपर्यंत मालकाच्या बापालाही मशीन चालू करता येणार नाही. साधी गोष्ट.

कुलपं आली. लाल रंगाची, छान. बटणही आलं. मॅनेजरनं ते सगळं आपल्या कपाटात ठेवलं. म्हणाला, सुरक्षा सप्ताह आहे, मालक येणार, फोटोवाला येणार, त्यांच्या हस्ते वाटू. तोवर काय घाई आहे? तारही पुन्हा बांधली गेली.

कुलपं कुलपात गेली. दादा रोज मागायचा आणि मॅनेजर रोज हसायचा. पालथ्या घड्यावर पाणी.

आता वहिनीच्या भावाचं सांगतो, कारण गोष्ट त्याचीच आहे.

तिशी ओलांडलेला माणूस, पण जिभेला हाड नाही. सकाळी डोळे उघडले की सुरू, ते झोपेपर्यंत. सगळे त्याला रेडिओ म्हणायचे. वहिनीची आई लवकर गेली, त्यामुळे वहिनीनंच त्याला लहानाचं मोठं केलेलं. तिचा भाऊ कमी आणि मूल जास्त. त्याची आधीची नोकरी सुटली, तेव्हा वहिनीनं दादाकडे शब्द टाकला. तुमच्या डोळ्यांसमोर राहील, म्हणाली. दादानं त्याला पॅकिंगला लावलं, भिंतीपलीकडे, बायकांबरोबर. तिथे सगळ्या त्याच्यावर खूश. काम करताना गाणी काय, नकला काय.

इकडे मिक्सरमध्ये उतरायला माणूस मिळेना. जो येई तो ठोका ऐकून दुसऱ्या दिवशी गायब. शेवटी मॅनेजरनं दादाला केबिनमध्ये बोलावलं. गोड आवाजात म्हणाला, "सगळं तपासलंय म्हणता, धोका नाही म्हणता. मग तुमच्याच माणसाला उतरवा की. लोकांना तेवढाच धीर येईल."

दादानं नाही म्हणायला हवं होतं. पण रेडिओ स्वतःच उड्या मारायला लागला, कारण त्या कामाला पगार जास्त होता. दादा घरी आला आणि त्यानं वहिनीला सांगितलं. तिनं एकच विचारलं.

"तुम्ही स्वतः बघितलंय ना सगळं?"

"मी स्वतः बघितलंय," दादा म्हणाला.

त्याचे कान लाल झाले नाहीत. कारण त्याला ते खरंच वाटत होतं.

रेडिओ कशालाच भ्याला नाही. आतल्याला त्यानं घरजावई असं नाव ठेवलं. काम शून्य, मुक्काम कायम, हाक मारली की तेवढा ओ देतो. आत उतरला की त्याच्याशी गप्पा मारायचा. बाहेर आला की सांगायचा, आज घरजावयाचा मूड ठीक नव्हता. मामासुद्धा हसायला लागला. माणसं पुन्हा मिक्सरजवळ बसून डबे खायला लागली.

एक मात्र होतं. रेडिओ आत असताना मामानं ठोकलं की फक्त रेडिओचाच ठोका यायचा. घरजावई गप्प. रेडिओ म्हणायचा, मला मान देतो तो.

मग एक दिवस मामा दादाला म्हणाला, आज त्याचा ठोका बारीक आला.

दादानं रेडिओला विचारलं. रेडिओ म्हणाला, बारीक कशाला, मी तर दणकून ठोकला. माझेच कान वाजले.

काही दिवसांनी ठोका आणखी बारीक झाला. पंख्याच्या आवाजात तो नीट कान देऊन शोधावा लागे. दादानं आत उतरून बघितलं. भिंतींवर पावडरीचा थर चढला होता. थरामुळे आवाज दबत असेल, त्यानं ठरवलं. थर काढायला लावला.

दुसऱ्या दिवशी ठोका त्याहून बारीक आला.

त्या संध्याकाळी हात धुताना रेडिओ दादाला हळूच म्हणाला, "दाजी, मी आतून ठोकतो ना, तेव्हा…"

"तेव्हा काय?"

"तेव्हा खरवडणी कुणीतरी मागून धरल्यासारखं वाटतं. जोरात नाही. लहान पोराचा हात धरतात तसं."

आणि मग लगेच हसला. म्हणाला, जाऊ दे, घरजावयाला करमत नसेल.

दादानं ते ऐकलं. धोके शोधणारा माणूस तो. शिडीची एक सैल पायरी त्याला लांबून दिसायची. हे मात्र त्यानं ऐकलं आणि घरी जेवायला बसला. त्याचं त्यालाच अजून समजत नाही. पण खरं सांगा, तुम्ही काय केलं असतं? याला पिवळा पट्टा कुठे मारायचा?

सुरक्षा सप्ताह तोंडावर आला. भिंती रंगवल्या गेल्या, फलक लागले. तुमची सुरक्षा हीच आमची संपत्ती, वगैरे. खोटं बोल पण रेटून बोल.

त्या दिवशी वहिनीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. तिला एकटीनं जायला नको वाटत होतं. दादाला सुट्टी मिळेना, म्हणून तिनं सकाळी भावाला फोन करून सांगितलं, तू लवकर ये. रेडिओनं अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली. जेवायच्या सुट्टीच्या आधी सगळ्यांना सांगून टाकलं, मी चाललो, ताईला डॉक्टरकडे न्यायचंय. निरोप घ्यायलाच त्याला बराच वेळ लागला, हे वेगळं सांगायला नको.

पण तो गेला नाही. पात्यांचं खरवडणं राहिलं होतं. ते तसंच टाकून गेलो तर मॅनेजर दाजींना बोलेल, असं त्याच्या मनात आलं असावं. सगळे डबे उघडून बसले होते, तेव्हा तो एकटाच शिडी चढला. कुणाला सांगितलं नाही. जन्मभर बडबड केली आणि नेमकं तेवढंच सांगितलं नाही.

सुट्टी संपली. ट्रक दारात उभा होता. मॅनेजर घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होता. मामा येऊन बटणापाशी उभा राहिला. दादाही तिथे होता. मामानं पाना उचलला.

ठक्. ठक्.

आणि मग…

काहीच नाही.

मामानं दादाकडे बघितलं. पुन्हा ठोकलं. दोघं थांबले.

काहीच नाही.

दादानं पाना घेतला. स्वतः ठोकलं, जोरात. मग पत्र्याला कान लावला. तो मला सांगत होता, तेव्हा सांगता सांगता त्यानं मान तशीच तिरकी केली होती. पत्रा गार होता. आत एकदम शांतता. आबा गेल्यापासून पहिल्यांदाच मिक्सर रिकाम्या मिक्सरसारखा वाटत होता.

मामाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सुटलो साहेब, तो म्हणाला. आबांनी मला सोडलं. त्यानं मिक्सरला हात जोडले. दादालाही भरून आलं. एवढे महिने मानेवर बसलेलं काहीतरी उतरलं होतं. मॅनेजर म्हणाला, गेलं ना तुमचं भूत? मग चला आता, ट्रक खोळंबलाय.

मामानं सवयीनं शिडीवर पाय ठेवला.

आणि दादा म्हणाला, "राहू दे मामा. उत्तर नाही आलं."

मामानं पाय खाली घेतला. खांबाआड गेला. बटण दाबलं.

मिक्सर सुरू होताना अडखळला. एकदाच. मग नेहमीसारखा फिरायला लागला.

पॅकिंगच्या खोलीचं दार आपटलं. तिथली सगळ्यात मोठी बाई, जिला रेडिओ मावशी म्हणायचा, ती धावत आली. हात कोपरापर्यंत पांढरे. ती किंचाळत नव्हती. ती नुसतं म्हणत होती, बंद करा, बंद करा, बंद करा. मामानं बंद केला.

पुढे जे होतं ते दादानं मला सांगितलं. मी ते इथे लिहीत नाही.

बाईनं जे सांगितलं ते लिहितो. भिंतीपलीकडे सगळ्या बायकांनी ऐकलं होतं. नळीतून आवाज स्वच्छ येत होता. तुम्ही ठोकलंत, ती दादाला म्हणाली, आणि त्यानं लगेच आतून ठोकलं. तुम्ही परत ठोकलंत, त्यानं परत ठोकलं. मग तुम्ही थांबलात. तो थांबला नाही. तो ठोकतच राहिला. भराभर, दोन्ही हातांनी ठोकावं तसा. आम्हाला वाटलं, हा गेलाच नाही अजून, नेहमीसारखी मस्करी करतोय. आम्ही हसत होतो.

इकडे मिक्सरपाशी दादा, मामा, मॅनेजर. कान लावून उभे. आणि त्यांना काही म्हणजे काही ऐकू आलं नाही.

चौकशी झाली. काय लिहिलं ते तुम्हीच ओळखाल. मयत इसम परवानगीशिवाय आत उतरला. मामा त्या दिवशी घरी गेला तो परत कारखान्यात आला नाही. सुरक्षा सप्ताह थोडा पुढे ढकलला, पण झाला. मालकानं हसत हसत लाल कुलपं वाटली. फोटो निघाले. ते फोटो अजून तिथल्या भिंतीवर आहेत, म्हणे.

दादानं नोकरी सोडली. त्यानं आणखी एक केलं. तो कानाच्या डॉक्टरकडे गेला. आपण थोडे बहिरे निघावं, एवढीच त्याची आशा होती. मशिनच्या आवाजात वर्षं काढली, कान गेलेच असतील. डॉक्टरनं सगळ्या तपासण्या केल्या आणि कौतुकानं पाठीवर थाप मारली. या वयात इतके चांगले कान मी बघितले नाहीत, म्हणाला. दादा तिथेच खुर्चीत रडला.

कारण तोवर पॅकिंगच्या बायका घरी भेटायला येऊन गेल्या होत्या. त्यांनी वहिनीला सगळं सांगितलं होतं. त्या गेल्यावर वहिनीनं दादाला विचारलं.

"तुम्हाला ऐकू आलं होतं ना?"

"नाही. शप्पथ नाही."

"भिंतीपलीकडच्या बायकांना आलं."

बस. त्यानंतर ती त्या विषयावर बोलली नाही. भांडली नाही, सोडून गेली नाही. वेळेवर ताट वाढते, कपडे धुते, औषध आणून देते. फक्त त्याच्याकडे बघते. दादा म्हणाला, तिनं मला रोज चपलेनं मारलं असतं तरी चाललं असतं. हे बघणं सहन होत नाही. आणि आता मलाच कळेनासं झालंय, मला खरंच ऐकू आलं नव्हतं, की ट्रकच्या घाईत मी ऐकलंच नाही.

हे सगळं त्यानं मला त्याच्या घरी सांगितलं. मी मुद्दाम भेटायला गेलो होतो. दुपारची वेळ. समोरच्या खोलीत आम्ही दोघं, मधल्या दारापाशी लोखंडी कपाट. खिडकी उघडी, बाहेर रिक्षांचे हॉर्न. दादा खूप वाळलाय. बोलताना सारखे तळवे चोळतो.

वहिनी चहा घेऊन आली. कप ठेवले. परत जाताना कपाटापाशी थांबली. बोटाच्या पेरानं तिनं कपाटाचं दार वाजवलं. दोनदा. सहज, जाता जाता.

आणि…

कपाटाच्या आतून…

ठक्. ठक्.

मी कप खाली ठेवला. मी दादाकडे बघितलं. तो चौकशीच्या कागदांबद्दल सांगत होता. त्याचा शब्दही अडखळला नाही.

वहिनीनं पुन्हा वाजवलं. पुन्हा आलं. या वेळी लगेच, आनंदानं दिल्यासारखं. कपाटावरची फुलदाणी थरथरली. दादा म्हणाला, चहा घे ना, निवतोय.

वहिनी माझ्याकडे बघत होती. मी ऐकतोय का, ते बघत होती. माझा चेहरा पाहून तिला कळलं असावं, कारण ती मान हलवून आत गेली.

मला तिथे बसवेना. काहीतरी कारण काढून मी उठलो. वहिनी जिन्यापर्यंत सोडायला आली. दार तिनं मागे ओढून घेतलं. मी विचारायच्या आतच ती म्हणाली, "रोज येतो. मी वाजवलं की ओ देतो. ह्यांच्या देखत वाजवते, अगदी ह्यांच्या कानाशी. ह्यांना येत नाही ऐकू."

मी म्हणालो, "वहिनी, मग तेव्हाही त्याला आलं नसणार. दादा खरं बोलतोय."

"हो," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी कळलं मला ते."

"मग सांगत का नाही त्याला? तो झिजून चाललाय."

वहिनीनं पदरानं चष्मा पुसला. तो नवा होता. तिनं तो डोळ्यांवर नीट बसवला आणि माझ्याकडे बघितलं.

"लवकर ये असं त्याला मी सांगितलं होतं, भावजी. हे सुटले, की मग मीच उरते."

आतून दादानं हाक मारली. म्हणाला, सांभाळून जा रे, वळणावरची पायरी फुटलीय. मी हो म्हणालो आणि उतरलो.

या गोष्टीला बरेच दिवस झाले. दादाला सांगायला मी पुष्कळदा फोन हातात घेतला. दर वेळी वाटतं, तो एका शब्दात मोकळा होईल. आणि दर वेळी वहिनीचा तो चष्मा डोळ्यांसमोर येतो.

अजून सांगितलेलं नाही.